संकेतस्थळनिर्मिती : साधनाची निवड आणि आशयाची मालकी

आसाममधील हातमाग सहकारी संस्था असो, केरळमधील मसाला उत्पादकांची कंपनी असो की एखाद्या तालुक्यातील सार्वजनिक वाचनालय, आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावरून जगापुढे मांडणे ही आज अशा प्रत्येक संस्थेची गरज बनली आहे. या संस्थांकडे संगणक अभियंता नसतो. संगणकीय भाषांचे ज्ञान नसतानाही संकेतस्थळ उभारता येईल, असे आश्वासन देणारी साधने मात्र विपुल आहेत. त्यामुळे निवडीचा विचार बहुधा 'सर्वांत सोपे साधन कोणते?' या प्रश्नापाशीच थांबतो. 'हे साधन उद्या बंद पडले, तर आपल्या माहितीचे काय होईल?' हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

संकेतस्थळाचे घटक

कोणत्याही संकेतस्थळाचे तीन घटक असतात. पहिला घटक म्हणजे डोमेन, म्हणजेच संकेतस्थळाचे नाव. दुसरा घटक होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळाच्या फाइल्स ज्या सर्व्हरवर ठेवल्या जातात ती जागा. तिसरा घटक म्हणजे आशय आणि त्याची मांडणी. मजकुराची रचना एचटीएमएल या भाषेत, तर रंग, अक्षरे व मांडणी सीएसएसमध्ये सांगितली जाते. जावास्क्रिप्टमुळे पान वाचकाच्या कृतीला प्रतिसाद देते. टिम बर्नर्स-ली यांनी विकसित केलेले वर्ल्ड वाइड वेबचे तंत्रज्ञान सर्न या संशोधन संस्थेने १९९३ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. एचटीएमएल कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही, म्हणूनच त्या भाषेत लिहिलेले पान कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते.

साधनांचे तीन वर्ग

नवशिक्यांसाठीच्या साधनांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग संगणकावर स्थापित करावयाच्या पान-संपादकांचा. मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज आणि १९९७ मध्ये मॅक्रोमीडियाने आणलेले, पुढे अडोबीकडे गेलेले ड्रीमवीव्हर ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. यांत पान दिसेल तसे रचता येते आणि तयार होणाऱ्या फाइल्स वापरकर्त्याच्याच संगणकावर राहतात.

दुसरा वर्ग विक्स, गुगल साइट्स यांसारख्या ऑनलाइन सेवांचा. तयार नमुना निवडून त्यात मजकूर व छायाचित्रे भरली, की काही तासांत संकेतस्थळ तयार होते. होस्टिंग आणि सुरक्षेची तांत्रिक जबाबदारी सेवादाता उचलतो. मात्र अशा अनेक सेवांमध्ये तयार झालेले संकेतस्थळ जसेच्या तसे दुसरीकडे हलवता येत नाही.

तिसरा वर्ग आशय व्यवस्थापन प्रणालींचा. ड्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३) आणि जुमला (२००५) या त्यांतील प्रमुख मुक्त स्रोत प्रणाली होत. त्यांची आज्ञावली कोणालाही वापरता, बदलता व वितरित करता येते. वर्डप्रेसमधील लेख व पाने एका फाइलमध्ये निर्यात करून अन्यत्र नेता येतात. ही प्रणाली स्वतःच्या होस्टिंगवर बसवणे आणि त्याच नावाची ऑनलाइन सेवा वापरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लक्षात घ्यावे. स्वतःच्या होस्टिंगवर प्रणाली बसवल्यास तिच्या नव्या आवृत्त्या वेळोवेळी स्थापित करणे आणि प्रतिलिपी, म्हणजेच बॅकअप ठेवणे, ही जबाबदारी संस्थेवर येते. या कामात हयगय झाल्यास सुरक्षेला धोका पोहोचतो.

बंद पडलेल्या साधनांचा धडा

एके काळी लक्षावधी वैयक्तिक पाने सामावणारी जिओसिटीज ही सेवा याहू कंपनीने २००९ मध्ये जपान वगळता इतरत्र बंद केली. ज्यांनी प्रती ठेवल्या नव्हत्या, त्यांची पाने मूळ जागेवरून नाहीशी झाली. लहान व्यावसायिकांसाठी गुगलने दिलेली मोफत संकेतस्थळांची सुविधाही मार्च २०२४ मध्ये बंद झाली. अडोबी म्यूज या साधनाचे साहाय्य २०२० मध्ये संपले, परंतु त्याने तयार केलेली पाने एचटीएमएल स्वरूपात असल्याने ती चालू राहिली. म्यूजची मूळ फाइल दुसऱ्या साधनात उघडत नसल्यामुळे त्यांत सुधारणा करणे मात्र अवघड झाले. साधन बंद पडणे टाळता येत नाही, पण त्यामुळे होणारी हानी कमी करणे निवडीच्या वेळीच शक्य असते, हा या घटनांचा अर्थ होय. मुक्त स्रोत आज्ञावलीचे हे महत्त्व शासनस्तरावरही मान्य झाले असून केंद्र सरकारने २०१५ मध्ये तिच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले.

भाषा आणि सुगम्यता

भारतीय भाषांच्या दृष्टीने युनिकोडची कसोटी अनिवार्य ठरते. २००० च्या दशकात अनेक मराठी संकेतस्थळे विशिष्ट फॉन्टवर अवलंबून होती. तो फॉन्ट नसलेल्या वाचकाला निरर्थक चिन्हे दिसत आणि शोधयंत्रांना तो मजकूर सापडत नसे. आजची साधने युनिकोड स्वीकारतात. तरीही 'दुसऱ्या', 'वाङ्मय', 'उद्घाटन' यांसारखे शब्द निवडलेल्या नमुन्यात नीट उमटतात का, हे आधी पाहावे. देवनागरी लिपीतील '.भारत' हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध असून मराठी व कोकणीसह आठ भाषांसाठी ते खुले करण्यात आले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती व संज्ञापन तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली व त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. शासकीय कार्यालयांना सुगम्य संकेतस्थळे उभारता यावीत, यासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 'एस३वास' ही सेवा विकसित केली. खासगी संस्थेनेही साधन निवडताना छायाचित्रांना पर्यायी मजकूर जोडता येतो का आणि माऊसशिवाय केवळ कळफलकाने पान हाताळता येते का, हे तपासावे.

निवडीचे निकष

डोमेनची नोंदणी संस्थेच्याच नावे असावी. ती संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्या नावे राहिल्यास वाद झाल्यावर संस्थेला आपले नावच गमवावे लागू शकते. आशय निर्यात करण्याची सोय आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी चाचणी घेऊन पाहावे. पहिल्या वर्षाच्या सवलतीवर न जाता नूतनीकरणासह तीन वर्षांचा खर्च मांडावा. मूळ मजकूर व छायाचित्रांची एक प्रत संस्थेच्या स्वतःच्या संगणकावर ठेवावी. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने वर्णनावरून संकेतस्थळ तयार करणारी साधने आली आहेत. त्यांनाही हेच निकष लागू पडतात.

चार-पाच पानांच्या तात्पुरत्या उपक्रमासाठी ऑनलाइन सेवा पुरेशी असते. वर्षानुवर्षे माहिती साठत जाणार असेल, तर मुक्त स्रोत प्रणाली शिकण्यासाठी दिलेला वेळ सार्थकी लागतो. अल्प तांत्रिक ज्ञान हा संकेतस्थळनिर्मितीतील अडसर आता राहिलेला नाही. मात्र नाव, आशय आणि तो अन्यत्र नेण्याचा मार्ग या तिन्ही गोष्टी स्वतःच्या हाती ठेवणारी संस्थाच आपल्या संकेतस्थळाची खऱ्या अर्थाने मालक ठरते.