बोटीवरचा एसी बदलताना

गेटवेसमोर मुरिंगला बांधलेल्या यॉटच्या केबिनमध्ये मे महिन्यातल्या दुपारी उतरलं, की बोटीवरच्या एसीला चैन म्हणवत नाही. फायबरग्लासचं छत तापलेलं, खिडक्या इवल्याशा, दमटपणा गाद्यांपासून कपाटांच्या प्लायवूडपर्यंत मुरलेला. एसी बंद पडला की मालक पहिल्यांदा नव्याची किंमत विचारतात. त्याआधी विचारायला हवं, की बोटीच्या कुशीतून पाण्याची धार नीट पडते आहे का?

घरातला एसी खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, बोटीतला समुद्रात. तळाच्या भोकातून येणारं पाणी सी-कॉक (तळाची झडप), स्ट्रेनर आणि पंप अशा वाटेनं कंडेन्सरमध्ये जातं, गॅसची उष्णता घेतं आणि बाहेर पडतं. हवेपेक्षा पाणी उष्णता फार झपाट्यानं उचलतं. म्हणून तर 1 टनाचं, म्हणजे 12,000 बीटीयूचं अख्खं युनिट बर्थखालच्या पेटीत मावतं. त्याला मिनिटाला साधारण 11 लिटर पाणी लागतं. ते कमी पडलं की गॅसचं प्रेशर चढतं आणि कॉम्प्रेसर ट्रिप होतो.

मुंबई बंदरात पाणी कमी पडायला निमित्त लागत नाही. स्ट्रेनरची जाळी उपसली की बोटभर चिखल, शेवाळ आणि पिशव्यांच्या चिंध्या हाताला लागतात. पाइपांच्या आत बार्नेकलचे थर बसतात ते वेगळेच. ‘गेला’ म्हणून ठरवलेले कित्येक एसी गाळ काढून, कंडेन्सरमधून सौम्य आम्लाचं द्रावण फिरवलं की पुन्हा थंड हवा देतात. हे न करता नवं युनिट घेतलं, तर तेही त्याच तुंबलेल्या पाइपांवर ट्रिप होणार.

काही वेळा मात्र बदलण्याला पर्याय नसतो. कंडेन्सरच्या नळीला भोक पडून खारं पाणी गॅसमध्ये शिरलं, की दुरुस्तीत पैसे घालू नयेत. जुन्या युनिटमध्ये आर-22 गॅस असतो. ओझोनच्या थराला घातक म्हणून 1987च्या माँट्रियल करारानंतर जगभर तो टप्प्याटप्प्यानं हद्दपार होतो आहे. अमेरिकेत 2020पासून त्याचं उत्पादन आणि आयात बंद आहे. त्याच्या जागी आलेला आर-410ए जवळपास दीडपट प्रेशरवर चालतो. तो जुन्या यंत्रात भरायचा नसतो, कोणी कितीही खात्रीनं सांगो.

नवं युनिट मागवण्याआधी टेप घेऊन हॅच मोजावं. फर्निचर बसण्याआधीच एसी आत ठेवलेला असेल, तर तो दारातून निघतच नाही. अमेरिकेतून आलेल्या बोटींची वीज बहुधा 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची असते. आपल्याकडे 230 आणि 50. तेव्हा युनिट बोटीच्या विजेला जुळणारंच घ्यावं. जनरेटर लहान असेल तर सॉफ्ट स्टार्टर घ्यावा, कारण सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो.

सगळ्यात जास्त जीव लावायचा तो पाण्याच्या जोडणीला. तिथली चूक बोट बुडवू शकते. त्यामुळे पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर चढवलेली असते, तेव्हाच हे काम काढावं आणि जुना सी-कॉकही बदलून टाकावा. तो पितळेचा नको, ब्राँझचा हवा. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात झिजतं आणि धातू ठिसूळ होतो. पंप स्वतःहून पाणी वर ओढत नाही, म्हणून तो जलरेषेखाली बसवतात. सी-कॉकपासून युनिटपर्यंतचा पाइप सतत चढता ठेवावा. मध्ये चार बोटांचा उंचवटा राहिला तरी हवा अडकते. पंप घरघरत राहतो आणि धार पडत नाही. जलरेषेखालच्या प्रत्येक जोडाला स्टेनलेस स्टीलच्या दोन-दोन क्लिपा हव्यात.

इंजिनरूममध्ये जागा आहे म्हणून युनिट तिथे बसवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावं. एसीचा पंखा तिथली हवा ओढून केबिनमध्ये सोडेल आणि तिच्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. ट्रेमध्ये साचणाऱ्या पाण्याचा पाइपही एक्झॉस्टपासून दूर न्यावा आणि केबिनमध्ये डिटेक्टर लावावा.

पहिल्यांदा सुरू करताना एकानं डेकवरून धार पाहावी, दुसऱ्यानं आत प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवावा. आत जाणाऱ्या आणि थंड होऊन येणाऱ्या हवेत 8 ते 11 अंशांचा फरक दिसला, की युनिट नीट चाललं आहे. काही दिवसांनी पाइप सैलावतात, तेव्हा क्लिपा पुन्हा आवळाव्यात. बोट सोडून जाताना सी-कॉक बंद करावा.