'कॅश' : एक शब्द, दोन घराणी

इंग्रजीतील 'कॅश' हा शब्द मूळचा तमिळ असून 'कासु' या नाण्याच्या नावावरून तो इंग्रजांनी उचलला, असे विधान चेन्नईत वारंवार केले जाते आणि आता ते मराठी लेखांतूनही उतरू लागले आहे. विधान आकर्षक आहे यात शंका नाही. फोर्ट सेंट जॉर्जच्या तटाआड हिशेब लिहिणाऱ्या कंपनीच्या कारकुनाने शेजारच्या बाजारातला शब्द आपल्या वहीत घेतला आणि तेथून तो जगभर गेला, हे चित्र कोणाही भारतीय वाचकाला सुखावणारेच आहे. शिवाय ते सर्वस्वी खोटेही नाही. अर्धसत्याला जे दीर्घायुष्य लाभते, ते त्याला याच कारणाने लाभले आहे.

प्रथम 'कासु'चा विचार करू. हा शब्द फार जुना आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावरील राजराज चोळाच्या काळच्या शिलालेखांत देवाच्या नावाने दिलेले कासु ग्रामसभांकडे व्याजाने ठेवल्याच्या नोंदी आहेत. तेथे कासु म्हणजे मोलाचे नाणे. तमिळ स्त्रिया आजही ज्या 'कासुमालै' नावाच्या सुवर्णालंकाराने सजतात, त्याच्या नावात हा जुना अर्थ टिकून आहे. आपल्याकडे पुतळी हे नाणे जसे चलनातून गेले आणि पुतळ्यांच्या माळेत राहिले, तसेच हे. पुढे याच नावाचे नाणे तांब्याचे झाले, घसरत घसरत चलनाच्या अगदी तळाशी गेले, आणि बोलीत 'कासु' म्हणजे सामान्यतः पैसा असा अर्थ स्थिर झाला. शब्दाचे मूळ संस्कृत 'कर्ष' या वजनाच्या नावात शोधण्याचा प्रयत्न झाला आहे; त्याला द्राविडी मूळ मानणारेही आहेत.

या कासुची गाठ युरोपीयांपैकी प्रथम पोर्तुगीजांशी पडली, आणि येथेच खरी गंमत घडली. पोर्तुगीज भाषेत 'काइशा' म्हणजे पेटी, तिजोरी. परक्या नाण्याचे नाव कानाला जवळचे वाटणाऱ्या या घरच्या शब्दात त्यांनी बसवून टाकले. इंग्रजांना ते नाव मिळाले ते या पोर्तुगीज पेटीतून, 'कॅश' या रूपात. बर्नेल हे मद्रास मुलकी सेवेतील अधिकारी होते. तंजावरला न्यायाधीश असताना तेथील राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची त्यांनी केली. त्यांच्या मृत्यूनंतर, १८८६ साली, यूल आणि बर्नेल या दोघांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात नाण्याच्या नावाचा हा प्रवास नोंदलेला आहे.

मद्रासच्या कंपनी सरकारचा हिशेब या नाण्यावरच उभा होता. ८० कॅशचा एक फनम आणि ४२ फनमांचा एक पॅगोडा, म्हणजे मराठी कागदांत ज्याला होन म्हणतात त्या जातीचे सोन्याचे नाणे. १८१८ साली मद्रास इलाख्यात रुपया हे प्रमाण नाणे ठरले आणि साडेतीन रुपयांस एक पॅगोडा असा भाव बांधला गेला, तोवर ही पद्धत चालू होती. या नाण्यांचा मोठा साठा इंग्लंडमध्ये पाडून मद्रासला पाठविला जाई. १८०८ साली पाडलेली दहा आणि वीस कॅशची तांब्याची नाणी घेऊन निघालेले 'ॲडमिरल गार्डनर' हे जहाज १८०९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील गुडविन सँड्सच्या वाळूत रुतून बुडाले. १९८० नंतरच्या दशकात पाणबुड्यांनी त्यातील लक्षावधी नाणी वर काढली. या नाण्यांवरचा लेख अभ्यासकाने अवश्य पाहावा. इंग्रजी अक्षरांत 'कॅश' आहे आणि फारसी अक्षरांत 'कास'. दहा कास म्हणजे दोन फलूस, असा तो फारसी मजकूर आहे. परदेशात फिरून आलेले रूप आणि घरचे रूप असे एकाच तांब्याच्या तुकड्यावर भेटतात.

येथपर्यंत तमिळाभिमान्यांचे म्हणणे खरे. परंतु आज बँकेच्या खिडकीवर जो 'कॅश' शब्द लिहिलेला असतो तो हा नव्हे. त्याचे घराणे लॅटिन 'काप्सा' म्हणजे पेटी या शब्दापासून निघते. इटालियन 'कास्सा', फ्रेंच 'केस' या मार्गाने तो इंग्रजीत आला. त्याचा पहिला अर्थ पैशाची पेटी, नंतर पेटीतला पैसा, आणि शेवटी उधारीच्या उलट असलेला रोख व्यवहार. कालक्रम पाहिला तरी पुरे. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ' या १५९९ च्या सुमाराच्या नाटकात रोख पैसा या अर्थाने तो येतो. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० साली, आणि मद्रासची वखार वसली १६३९ नंतर. लंडनच्या रंगभूमीवर बोलला गेलेला शब्द तेव्हा जन्मालाही न आलेल्या वखारीच्या वहीतून कसा येणार? तेव्हा चांगले इंग्रजी कोश 'कॅश'च्या दोन स्वतंत्र नोंदी करतात, हेच योग्य होय.

हा वाद केवळ कोशकारांचा नाही. मद्रासच्या जुन्या कागदांचा अनुवाद करणाऱ्याला तो पावलोपावली अडवतो. 'दहा हजार कॅश' दिल्याचा उल्लेख आला आणि त्याने 'दहा हजार रोख' असे लिहिले, तर एका साध्या देण्याचा प्रचंड दानधर्म होऊन बसेल. वस्तुतः ३३६० कॅशला एक होन या हिशेबाने ती रक्कम तीन होनही पुरते भरत नाही. चीनविषयीच्या इंग्रजी प्रवासवर्णनांत चौकोनी भोकाच्या नाण्यालाही 'कॅश'च म्हटलेले असते, आणि तेथेही 'रोख' हा शब्द चालणार नाही. आणखी एक खड्डा आहे. १८०९ सालीच मद्रासच्या सैन्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी सरकारविरुद्ध बंड केले आणि त्यांपैकी काही 'कॅशियर' झाले. ते तिजोरीवर बसले नाहीत, बडतर्फ झाले; हे क्रियापद डच आणि फ्रेंच मार्गाने आलेले तिसऱ्याच कुळातले असून त्याचा मूळ भाव मोडणे, रद्द करणे असा आहे.

ज्या तमिळला 'कॅश'चे मातृत्व बहाल केले जाते, तिने स्वतः रोख रकमेसाठी 'रोक्कम्' हा शब्द वापरावा, यातही एक मौज आहे. मराठी रोख आणि रोकड, तेलुगू रोक्कमु, कन्नड रोक्क ही सारी एकाच परिवारातली. मराठीने मात्र या शब्दाला बाजाराबाहेर नेले. रोकडा सवाल, रोकडा अनुभव, रोखठोक बोलणे यांतील सडेतोडपणा इंग्रजी 'कॅश'मध्ये उतरत नाही. म्हणून उलट दिशेच्या अनुवादात त्याला दुसराच शब्द शोधावा लागतो.

कानाने अर्थ बदलण्याचे उदाहरण चेन्नईतच रस्त्याच्या नावात सापडते. तेथील मिंट स्ट्रीटला तमिळमध्ये 'तंगसालै' म्हणतात. संस्कृत टंकशाला, मराठी टांकसाळ, तोच हा शब्द. पण तमिळमध्ये 'तंगम्' म्हणजे सोने, त्यामुळे ऐकणाऱ्याला तेथे सोन्याची शाळा दिसते. पोर्तुगीजांनी कासुचे जे केले तेच तमिळ कानाने टंकाचे केले.

अनुवादकाने व्यवहारात काय करावे? कागद मद्रासचा आणि १८१८ पूर्वीचा असेल तर आधी हिशेबाचे रकाने पाहावेत. पॅगोडा, फनम आणि कॅश असे तीन रकाने दिसले, की तिसऱ्यासाठी निःशंक 'कासु' लिहावे. रकाने नसतील तर वाक्यात संख्या आहे की नाही ते तपासावे, कारण नाणी मोजली जातात आणि रोख ही केवळ देण्याची रीत असते.