८४ लाख वाटा, आठ मिलिमीटरचे दार

२०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ भरली. यांतल्या कोणाही एका प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात, म्हणजे जिल्ह्यातल्या माणसांच्या १८५ पट.

तिथवर हवा पोचते ती फांद्या फुटत गेलेल्या श्वासनलिकेतून. एकीच्या दोन, दोनांच्या चार, अशा सुमारे २३ वेळा. २३ दुपटींचा हिशेब ८३,८८,६०८ वर जातो. ८४ लक्ष योनींचा फेरा आपण लहानपणापासून ऐकतो. जवळपास तितक्याच वाटा प्रत्येकाच्या छातीत आहेत. मिनिटाला १५ श्वास धरले, तर दिवसाचे २१,६०० होतात. श्वासागणिक आपोआप होणाऱ्या अजपा जपाची संख्या दासबोधात हीच येते. शिवाय हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फुप्फुसांकडे ढकलते, दिवसाला ७,२०० लिटर.

फुप्फुसातली कर्करोगाची गाठही दुपटीनेच वाढते. एका पेशीच्या ३० दुपटी झाल्या की १०७ कोटी पेशी होतात. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतल्या रूढ अंदाजानुसार एवढ्या पेशींची गाठ एक सेंटिमीटरची, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. तोवर माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. पुढचा हिशेब मात्र धडकी भरवतो. व्यास दुप्पट व्हायला घनफळ आठपट लागते आणि आठपट म्हणजे फक्त तीन दुपटी. तीस दुपटींत एक सेंटिमीटर, तेहेतिसाव्या दुपटीला दोन, छत्तिसाव्या दुपटीला चार.

ही गाठ काढताना फुप्फुसाच्या रक्तवाहिनीच्या पातळ भिंतींच्या फांद्या एकेक करून मोकळ्या कराव्या लागतात आणि बंद कराव्या लागतात. खुल्या शस्त्रक्रियेत त्यासाठी मोठा छेद घेऊन बरगड्या फाकवतात. रोबोटिक शस्त्रक्रियेत अवजारे बरगड्यांमधल्या सुमारे आठ मिलिमीटरच्या छिद्रांतून आत जातात. काढलेला भाग बाहेर घेण्यापुरते एक छिद्र वाढवतात. सर्जन कन्सोलवर बसतो. त्याला आतले त्रिमित चित्र दहापटीपर्यंत मोठे दिसते. माणसाचा हात सेकंदाला ८ ते १२ वेळा सूक्ष्म थरथरतो, ती थरथर यंत्र गाळून टाकते. सर्जनचा हात तीन सेंटिमीटर हलला तर अवजार एकच सेंटिमीटर हलेल, असेही ठरवता येते. यंत्र मनाने काहीच करत नाही. प्रत्येक हालचाल सर्जनचीच असते.

इटलीतल्या पिसा इथल्या सर्जन फ्रँका मेल्फी यांनी छातीच्या रोबोटिक शस्त्रक्रियांचे आपले सुरुवातीचे अनुभव २००२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी, ७ सप्टेंबर २००१ रोजी, सर्जन जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून रोबोटच्या साहाय्याने ६,००० किलोमीटरहून दूर असलेल्या स्ट्रासबर्गमधल्या रुग्णाचे पित्ताशय काढले होते. आज रोबोटिक शस्त्रक्रिया परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातही होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावहून मुंबई रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटर. एका रात्रीत तिथे पोचता येते.

खरा उशीर होतो तो गाडीत बसण्याआधी. २०२२ मध्ये जपानी डॉक्टरांनी १,१०६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या गाठी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या होत्या. ज्यांच्या फुप्फुसाचा फक्त गाठ असलेला छोटा भाग काढला, त्यांतले ९४.३ टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. त्याच २०२२ साली भारतात फुप्फुसाच्या कर्करोगाचे अंदाजे ८१ हजार नवे रुग्ण आणि ७५ हजार मृत्यू. या दोन चित्रांतले अंतर एकटा रोबोट भरून काढू शकत नाही. आपल्याकडे बहुतेकांचे निदान रोग पसरल्यावर होते. खोकला आणि थुंकीतले रक्त पाहून अनेकांना आधी टीबी समजून औषधे दिली जातात, आणि दुपटी चालूच राहतात.

म्हणून तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला तपासून घ्या. टीबीच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत किंवा औषधांनी उतार पडला नाही, तर सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा. ही तपासणीची सोय बुलढाण्याच्या तेराही तालुक्यांतल्या माणसाला सहज मिळायला हवी. परळच्या यंत्राचे सगळे कसब गाठ लहान असतानाच पुरते कामी येते, आणि एक सेंटिमीटरपासून दोनपर्यंत आपल्या हाती तीनच दुपटी असतात.