जुन्या मोटारीतील लपंडावी विद्युत्-दोष : शोध कसा घ्यावा?

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील तुकईथड हे सातपुड्याच्या परिसरातील गाव खंडवा-अकोला लोहमार्गावरील स्थानक म्हणून परिचित आहे. या मार्गावरील मीटरगेज गाड्या २०१६-१७ मध्ये थांबल्यानंतर येथील प्रवासाचा भार रस्त्यावर आला. एका बाजूस धारणी व मेळघाटचा डोंगराळ प्रदेश, तर दुसऱ्या बाजूस खकनार-बऱ्हाणपूरचा मुलूख. या दोहोंमधील वाड्यावस्त्यांना अडल्या वेळी उपयोगी पडते ती बहुधा एखादी जुनी जीप. बाजाराचा माल, लग्नाचे वऱ्हाड आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावयाची अडलेली बाई किंवा सर्पदंश झालेला शेतकरी, या सर्वांचा भरवसा तिच्यावर असतो.

अशा वाहनाचे इंजिन बिघडते तेव्हा ते सहसा आधी सूचना देते. धूर वाढतो, आवाज बदलतो, तेल गळू लागते. विद्युत्-दोषाचे तसे नाही. सकाळी पहिल्याच झटक्यात सुरू होणारी जीप दुपारी बाजारात थांबल्यावर सेल्फ मारताच केवळ ‘टक’ असा आवाज करते आणि अर्ध्या तासाने, जणू काही झालेच नव्हते, अशा रीतीने सुरू होते. कारागिराकडे नेली की दिवसभर एकदाही अडत नाही. मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते. तिने भागले नाही म्हणून सेल्फ उघडला जातो. त्यानंतर अल्टरनेटरची पाळी येते. हजारो रुपये खर्च होतात आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. वस्तुतः असे बहुतेक दोष महागड्या भागांत नसून तारांच्या जोडांत असतात, आणि ते अंदाजाने नव्हे तर नोंद आणि मोजमाप यांच्या साह्याने सापडतात. ते कसे, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोष येतो आणि जातो कशामुळे?

मोटारीत बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह तारेतून दिवा, हॉर्न किंवा सेल्फ यांपर्यंत जातो; परतीसाठी मात्र प्रत्येक वेळी वेगळी तार नसते. बहुतेक वाहनांत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते व सांगाडाच परतीची वाट होतो. यालाच कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेले असल्यामुळे त्याला सांगाड्याशी जोडणारी तांब्याची वेगळी पट्टी असते. म्हणजेच प्रवाहाच्या मार्गात अनेक बोल्ट, टर्मिनल, फ्यूज व स्विच येतात. यांपैकी कोणताही एक जोड ढिला झाला, गंजला किंवा त्यावर हिरवट-पांढरा क्षार चढला की तेथे विरोध वाढतो.

उष्णता, हादरे आणि ओल हे या जोडांचे तीन शत्रू होत. उन्हाळ्यात निमाडचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. इंजिनाजवळ ते त्याहून पुष्कळच अधिक असते. तापल्याने धातू प्रसरण पावतात व आधीच कच्चा असलेला जोड अधिक कच्चा होतो. खडबडीत रस्त्यावरील हादऱ्यांनी तारेचे पदर आतल्या आत तुटतात. वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. पावसाळ्यात ओलीमुळे गंज वाढतो आणि प्रवाहाला नको तेथे वाट मिळते. ज्या दिवशी यांपैकी एखादे कारण हजर असते त्या दिवशी दोष दिसतो. एरवी तो दडून बसतो.

येथे एक हिशेब ध्यानात घ्यावा. एखाद्या जोडात केवळ ०.०१ ओहम इतका विरोध आहे असे समजू. हॉर्नला ४ अँपिअर प्रवाह लागत असेल, तर त्या जोडात ०.०४ व्होल्ट खर्च होतात. हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु सेल्फ १५० अँपिअर ओढत असेल, तर त्याच जोडात १.५ व्होल्ट नाहीसे होतात. यावरून असे दिसून येते की, लहान दिवा लावून किंवा गाडी बंद असताना मीटर लावून ‘तार बरोबर आहे’ असा निर्वाळा देणे फसवे आहे. जोडाची परीक्षा त्यावर पूर्ण भार असतानाच झाली पाहिजे.

आधी नोंदवही

दोष वरचेवर येत नसेल, तर हत्यार हाती घेण्यापूर्वी एक वही घ्यावी. प्रत्येक वेळी पुढील गोष्टी लिहाव्यात : दिनांक व वेळ; इंजिन थंड होते की तापलेले; ऊन, पाऊस की दव; गाडी किती वेळ चालून किती वेळ थांबली होती; कोणते दिवे व पंखे चालू होते; अडल्यावर नेमके काय घडले आणि कशाने गाडी पुन्हा सुरू झाली. आठ-दहा नोंदी झाल्या की त्यांत काहीतरी समान असल्याचे आढळते. केवळ तापल्यावर येणारा दोष, केवळ पावसात येणारा दोष आणि केवळ खड्ड्यात हिसका बसल्यावर येणारा दोष यांची घरे वेगवेगळी असतात. शासकीय कार्यालयांतील वाहनांच्या लॉगबुकातही ‘सेल्फ बिघाड’ एवढेच न लिहिता ही परिस्थिती लिहिली गेल्यास दुरुस्तीचा बराच खर्च वाचू शकेल.

दोष हजर असताना

दोष प्रत्यक्ष हजर असतो ती घटका मोलाची असते. त्या वेळी गाडीला धक्का मारण्याची किंवा बॅटरीच्या टर्मिनलवर ठोकण्याची घाई करू नये. ठोकल्याने जोड तात्पुरता बसतो आणि पुरावा नाहीसा होतो. रुग्ण गाडीत असेल, तर अर्थातच आधी गाडी चालू करावी. एरवी गिअर काढून व हातब्रेक लावून पुढील चाचणी करावी.

पुढचे दिवे लावून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारण्यास सांगावे. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे, तिच्या टर्मिनलचा जोड खराब आहे किंवा सेल्फ आतून अडकून जास्त प्रवाह ओढत आहे. दिवे जसेच्या तसे राहिले आणि ‘टक’ही ऐकू आले नाही, तर किल्लीचा स्विच किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तार तपासावी. दिवे प्रखर राहिले, ‘टक’ झाले आणि तरीही इंजिन फिरले नाही, तर सोलेनॉइडचे संपर्क, सेल्फचे कार्बन ब्रश किंवा इंजिनाचा अर्थ यांवर संशय घ्यावा.

यानंतर साध्या मल्टिमीटरने मोजमाप करावे. गाडी काही तास बंद असताना पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली असे समजावे. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या टोकांवरील दाब ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर बॅटरी भरून पुन्हा तपासावी. इंजिन चालू असताना साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट असावेत. ते १३ च्या खाली राहत असतील तर चार्जिंग अपुरे आहे, आणि १५ च्या वर जात असतील तर रेग्युलेटर सदोष आहे.

आता मुख्य चाचणी. मीटरची एक सळई बॅटरीच्या धन टोकावर व दुसरी सेल्फच्या जाड तारेच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारावा. त्याचप्रमाणे ऋण टोक व इंजिनाचे अंग यांमध्ये मोजावे. दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आतच वाचन यावयास हवे. ज्या बाजूस ते अधिक येईल त्या बाजूस दोष आहे. मग सळई एकेक जोड पुढे सरकवीत न्यावी. ज्या जोडापाशी आकडा एकदम उडी घेतो, तोच अपराधी होय.

एक उदाहरण

समजा, वर वर्णिलेल्या जीपच्या वहीत नऊ नोंदी आहेत आणि नऊही वेळा इंजिन तापलेले होते. दिव्यांची चाचणी घेतली असता दिवे प्रखर राहिले. धन बाजूस ०.३ व्होल्ट आले. ऋण टोक व इंजिन यांमध्ये मात्र ४ व्होल्ट आले. बॅटरी आणि सांगाडा यांमध्ये ०.१ व्होल्टच आहेत. याचा अर्थ इतकाच की, सांगाड्यापर्यंतची वाट साफ आहे आणि सांगाडा व इंजिन यांमधील तांब्याच्या पट्टीत अडथळा आहे. दिवे सांगाड्यावरून अर्थ घेतात, म्हणून ते प्रखर राहिले. सेल्फ इंजिनावरून घेतो, म्हणून तो उपाशी राहिला. पट्टी सोडवून दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासाव्यात, तुटकी असल्यास बदलावी, बोल्ट घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावावे. नव्या बॅटरीच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. अशा गाडीत सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल गरम लागत असेल, तर प्रवाह परतीची चोरवाट शोधत आहे हे ओळखावे.

दुरुस्तीनंतर तापलेल्या इंजिनावर तीच चाचणी पुन्हा घ्यावी. दोष दिसेनासा झाला म्हणजे बरा झाला, असे मानू नये; दिसेनासे होणे हा तर त्याचा स्वभावच आहे. ४ व्होल्टचे ०.२ व्होल्ट झाले, तरच तो गेला असे म्हणता येईल.

इतर नेहमीचे प्रकार

हिसक्याने दिवे किंवा हॉर्न बंद पडत असल्यास ते चालू ठेवून तारांचा जुडगा वीत-वीत अंतराने हळूहळू हलवीत जावे. ज्या ठिकाणी दिवा फडफडेल तेथेच तार तपासावी. पावसात येणारा दोष कोरड्या दिवशी शोधावयाचा झाल्यास संशयित जोडावर थोडे पाणी शिंपडून पाहावे. जुन्या पेट्रोल गाड्यांत तापल्यावर इंजिन बंद पडत असेल, तर इग्निशन कॉइल व कंडेन्सर यांवर लक्ष ठेवावे आणि गाडी थंड होण्यापूर्वीच ठिणगी येते किंवा नाही हे पाहावे.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल, तर सर्व काही बंद करून ऋण तार सोडावी व मल्टिमीटर अँपिअरच्या मापनावर ठेवून मधे जोडावा. ०.०५ अँपिअरपर्यंत चिंता नाही. परंतु अर्धा अँपिअर गळत असेल, तर एका दिवसात १२ अँपिअर-तास निघून जातात. एकेक फ्यूज काढीत गेल्यास कोणत्या शाखेत गळती आहे हे कळते. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ कदापि मारू नये.

सावधगिरी

बॅटरी सोडताना ऋण तार प्रथम काढावी व जोडताना ती शेवटी जोडावी. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो, म्हणून जवळ विडी-काडी नेऊ नये. हातातील कडे, अंगठी काढून ठेवावी. वारंवार जळणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार बांधणे म्हणजे वाहनास आगीच्या स्वाधीन करणे होय. संगणकीय नियंत्रण असलेल्या नव्या गाड्यांत त्या नियंत्रकाच्या तारांना टेस्ट लॅम्प लावू नये.

शाळेसाठी एक प्रयोग

विज्ञान शिक्षकांनी हे तत्त्व वर्गात दाखवावे. १२ व्होल्टच्या बॅटरीपासून निघणाऱ्या मार्गात १० अँपिअरचा फ्यूज घालावा आणि केसासारखी बारीक, एक मीटर लांबीची तांब्याची एकेरी तार कौलावर मांडून तिच्याद्वारे ५ वॅटचा दिवा लावावा. तो चांगला प्रकाशेल. मग त्याच तारेवर ५५ वॅटचा दिवा लावावा. तो मंद दिसेल व तार तापेल. तिला हात लावू देऊ नये. तार तीच, बॅटरी तीच; बदलला तो केवळ भार. ओहमचा नियम विद्यार्थ्यांच्या कायम स्मरणात राहील.

१ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा नियम लागू झाला. खासगी वाहनास मात्र तपासणीनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून घेता येते, आणि खेड्यापाड्यांत अशी वाहने पुढेही धावत राहणार आहेत. त्यांच्या मालकांनी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थची पट्टी स्वच्छ करून घ्यावी. या कामास तासभर पुरतो. आणि रात्री रुग्णास घेऊन निघावयाच्या वेळी त्या तासाची किंमत कळते.