एहेगावचा पूल आणि मुंबई बेटावरची पेठ

कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणारा लोहमार्ग थळ घाटात, म्हणजेच कसारा घाटात, अनेक दऱ्या ओलांडतो. त्यांतल्या सर्वांत खोल दरीवर एहेगावचा पूल आहे. त्याची लांबी सुमारे 750 फूट आणि उंची सुमारे 182 फूट आहे. एवढा मोठा पूल सहसा मोठ्या नदीवर किंवा मोठ्या गावाच्या वेशीवर सापडतो. इथे तसे काहीच नाही. खाली पावसाळी ओढा, दोन्ही अंगांना कातळ आणि झाडी, आसपास ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या. या वाड्यांसाठी तो बांधला गेला नाही आणि एका परीने इगतपुरीसाठीही नाही, कारण आजची इगतपुरी हे गाव मुख्यतः रेल्वेनेच वाढवले. त्याचे खरे गिऱ्हाईक घाटाखाली सव्वाशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, समुद्राच्या काठी बसले होते. मुंबई बेटावरचा कोट, मांडवी, मशीद बंदर आणि वाडी बंदर मिळून होणाऱ्या पेठेसाठी हा पूल उभा राहिला.

त्या पेठेची अडचण भूगोलाची होती. समुद्राच्या बाजूने मुंबईइतके सोयीचे बंदर पश्चिम किनाऱ्यावर दुसरे नव्हते. जमिनीच्या बाजूने मात्र तिच्या वाटेत तीन अडथळे होते. मुंबई आणि साष्टी यांच्यामध्ये खाडी, साष्टी आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये ठाण्याची खाडी आणि त्यापलीकडे सह्याद्रीची भिंत. पहिला अडथळा शीव आणि माहीमच्या बांधांनी दूर केला. माहीमचा बांध 1845 मध्ये पुरा झाला. मुंबई ते ठाणे ही गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली आणि पुढच्या वर्षी ठाण्याच्या खाडीवर पूल होऊन रूळ कल्याणला पोहोचले. उरला तो सह्याद्री, आणि तिन्हींत तोच सर्वांत अवघड निघाला.

घाटावरून काय आणायचे होते, हे पाहिल्याशिवाय या खटाटोपाचा अर्थ लागत नाही. उत्तर एका शब्दात सांगता येते: कापूस. वऱ्हाड आणि खानदेशातल्या काळ्या जमिनीत तो भरपूर पिकत होता, पण बंदरापर्यंत पोहोचण्याचे साधन म्हणजे बैल. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर ओझी लादून निघत. वाटेत धूळ बसे, अवकाळी पावसात माल भिजे, चिखलात बैल बसत. पश्चिमेच्या वाटा इतक्या वाईट होत्या, की वऱ्हाडच्या कापसाचा मोठा भाग मुंबईला न येता शेकडो मैल उलट दिशेने गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना हे खुपत होते. अमेरिकेच्या कापसावर सगळी भिस्त ठेवण्यात धोका आहे, हे त्यांना 1840 च्या दशकापासूनच कळत होते आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेमागे त्यांनी लावलेला जोर याच काळजीतून आलेला होता. रेल्वे देशाच्या उद्धारासाठी आली, असे म्हटले जात असले, तरी थळ घाटाचा मार्ग आखताना डोळ्यांसमोर कापसाच्या गासड्या होत्या.

कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली याने सह्याद्री चढण्यासाठी दोन जागा निवडल्या. पुण्याच्या बाजूला बोर घाट आणि नाशिकच्या बाजूला थळ घाट. थळ घाटाचे काम 1857 च्या ऑक्टोबरात सुरू झाले. सुमारे सव्वानऊ मैलांत 972 फूट चढायचे होते आणि सर्वांत तीव्र चढ 37 ला 1 इतका ठरला, म्हणजे 37 फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. बैलगाडीला हा चढ किरकोळ वाटेल. लोखंडी रुळावर लोखंडी चाक चालवणाऱ्या गाडीला तो जवळजवळ हद्दीचा आहे, आणि आजही देशातल्या ब्रॉडगेज मुख्य मार्गांवरच्या सर्वांत तीव्र चढांत त्याची गणना होते. एवढ्या अंतरात 13 बोगदे आणि 6 मोठे दरीपूल बांधावे लागले. मूळ आखणीत गाडीची दिशा उलटी करणारे स्थानकही होते. गाडी तिथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि मग पुढची चढण सुरू होई. विसाव्या शतकात मार्ग बदलून ते काढून टाकण्यात आले.

एहेगावच्या पुलाची रचना त्या काळच्या विचाराचा चांगला नमुना आहे. दोन्ही टोकांना, जिथे दरी उथळ आहे, तिथे दगडी कमानी आहेत. मधल्या खोल भागात काळ्या दगडाचे उंच खांब उभारून त्यांवर त्रिकोणी जाळीचे लोखंडी गर्डर टाकले. सगळाच पूल दगडी कमानींचा का केला नाही, याला साधे कारण आहे. कमान बांधताना शेवटचा दगड बसेपर्यंत तिला खालून लाकडी साच्याचा आधार द्यावा लागतो. दीडशे-पावणेदोनशे फूट खोल दरीत असा सांगाडा तळापासून उभा करणे म्हणजे पुलाआधी लाकडाचा दुसरा पूल बांधणे. शिवाय कमान आपले वजन बाजूलाही ढकलते आणि सडपातळ उंच खांबाला हा आडवा रेटा मानवत नाही. गर्डर मात्र खांबावर सरळ खाली वजन टाकतो. त्रिकोणाचा आकार भाराखाली वाकडा होत नाही, म्हणून कमी लोखंडात मोठा गाळा साधता येतो. लोखंड विलायतेहून जहाजाने मुंबईला आणि तिथून घाटाच्या पायथ्याशी येई. दगड मात्र इथलाच. सह्याद्रीच्या काळ्या कातळाने बोगदे खोदणाऱ्यांना जेवढे छळले, तेवढाच खांब बांधणाऱ्यांना हात दिला.

काम करणारे हजारो मजूर घाटावरून आणि कोकणातून आले. सुरुंग, दरडी आणि उंचीवरून पडणे हे धोके होतेच, पण पटकी आणि हिवताप यांनी त्याहून जास्त माणसे नेली. पावसाळ्यात या भागात पाऊस असा कोसळतो, की उघड्यावरचे काम महिनोन्‌महिने थांबे. बर्कलीची तब्येतही इथेच ढासळली. 1862 मध्ये तो इंग्लंडात वारला, गाडी घाट चढलेली त्याने पाहिली नाही. कंपनीच्या कागदांत त्याचे नाव ठळक आहे. खांबांचे दगड ज्यांनी डोक्यावरून वाहिले, त्यांची नावे कुठे नाहीत.

मधल्या काळातली एक गोष्ट मोठी मौजेची आहे. कसाऱ्यापर्यंत गाडी 1 जानेवारी 1861 रोजी आली आणि त्याच वर्षी घाटमाथ्यावर इगतपुरी ते नाशिक हा तुकडाही सुरू झाला. खाली रेल्वे, वर रेल्वे आणि मध्ये सव्वानऊ मैलांचा खाडा. त्यामुळे चार वर्षे माल इगतपुरीला गाडीतून उतरवायचा, बैलगाडीत भरायचा, घाटरस्त्याने खाली न्यायचा आणि कसाऱ्याला पुन्हा वाघिणीत चढवायचा. प्रत्येक चढ-उतारात हमाली वाढे, गासडी फाटे, वजन घटे. पूल पुरा होणे म्हणजे काय, हे त्या चार वर्षांत मांडवीच्या व्यापाऱ्याला वहीत दिसत होते.

आणि नेमकी हीच चार वर्षे मुंबईच्या इतिहासातली सर्वांत तेजीची ठरली. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाशिवाय गत्यंतर उरले नाही. भाव कित्येक पटींनी चढले. बेटावर इतका पैसा आला, की तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या, नव्या बँका, वित्तसंस्था रोज निघू लागल्या. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या एका शब्दावर शेअरचा भाव वरखाली होई. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी कोटाच्या जुन्या भिंती पाडायला घेतल्या आणि आतल्या पेठेला हातपाय पसरायला जागा मिळाली.

घाटाचा मार्ग 1 जानेवारी 1865 रोजी वाहतुकीला खुला झाला. एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. कापूस कोसळला, त्यापाठोपाठ शेअर कोसळले आणि 1 जुलै 1865 या वायद्याच्या दिवशी मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्यांचे दिवाळे निघाले. ज्या तेजीत हा मार्ग सर्वांत जास्त हवा होता, तिचा बहुतेक कापूस बैलगाडीने गेला; पुलावरून गेला तो मंदीचा. प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र अजून आहे.

तरीही पूल वाया गेला नाही. तेजी उधारीची होती, कापूस खरा होता. फेब्रुवारी 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरला भिडला, 1870 मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेशी जोडला जाऊन मुंबई-कलकत्ता सलग झाली. मधल्या 1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला होता. वऱ्हाडचा कापूस आता मिर्झापूरची वाट विसरला. खामगाव, अमरावती, हिंगणघाट इथे वाफेचे प्रेस आले आणि 392 पौंडांची घट्ट दाबलेली गासडी तिथूनच तयार होऊन निघू लागली. अशा दोन गासड्यांची एक खंडी. ब्रिटिश पौंड जाऊन किलो आला, पण कापसाच्या बाजारात भाव अजूनही खंडीनेच, म्हणजे सुमारे 356 किलोला, बोलला जातो.

वाडी बंदरच्या मालधक्क्यावर उतरलेली गासडी वखारीत, तिथून कुलाब्याच्या कापूस बाजारात आणि पुढे जहाजावर जाई. विसाव्या शतकात हा बाजार शिवडीला गेला. कॉटन ग्रीन या स्टेशनाच्या नावात तो आजही आहे. 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक बांधून झाला. मशीद बंदर, दाणा बंदर, चिंच बंदर या भागांत धान्य, मसाले, सुकामेवा, लोखंड, कापड अशा एकेका मालाची गल्ली बसली. दलाल, अडते, मुकादम आणि हमाल असा या पेठेचा संसार होता. पाठीवर पोती वाहणारे बहुतेक घाटावरचेच. त्यांच्या मजुरीला कायद्याचे संरक्षण मिळायला 1969 चा माथाडी कायदा यावा लागला, आणि त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती.

रेल्वेच्या आणि गोदीच्या मधोमध या पेठेचा जीव अडकू नये, म्हणून रुळांवरून 1868 मध्ये कर्नाक पूल बांधला गेला. एहेगाव माल बेटाकडे आणत होता, कर्नाक तो गोदीतून गल्लीत सोडत होता. दीडशे वर्षे भार सोसलेला हा पूल नोव्हेंबर 2022 मध्ये पाडला गेला. त्याच्या जागी बांधलेला नवा पूल जुलै 2025 मध्ये ‘सिंदूर’ या नावाने खुला झाला.

घाट चालवणे हे बांधण्याइतकेच किचकट काम आहे, आणि इगतपुरीची ओळख त्यातूनच घडली. सुरुवातीला घाटासाठी खास बांधलेली, पाण्याची टाकी पाठीवर वाहणारी जड वाफेची इंजिने होती. 1929-30 च्या सुमारास विजेच्या तारा आल्या आणि पुढे खेकडा या टोपणनावाने ओळखली जाणारी विजेची इंजिने घाटात आली. उतरताना त्यांच्या मोटारी वीज तयार करून तारेत परत सोडत, त्यामुळे ब्रेकवरचा ताण कमी होई. मुंबईकडची वीज एका प्रकारची आणि पुढची दुसऱ्या प्रकारची, म्हणून कित्येक वर्षे इगतपुरीत प्रत्येक गाडीचे इंजिन बदलले जाई. प्रवाशांना वडा खायला मिळणारा तो लांब थांबा त्यामुळेच होता. आता सर्वत्र एकच प्रकार झाल्याने तो सरला.

बहुतेक गाड्यांसाठी चढणीची रीत मात्र तीच आहे. कसाऱ्याला गाडी थांबते, मागून दोन-तीन बँकर इंजिने हळूच येऊन शेवटच्या डब्याला टेकतात. डब्यात बसलेल्याला एक मऊ धक्का जाणवतो. जोडणी झाली, ब्रेकच्या हवेची तपासणी झाली, की पुढचा आणि मागचा चालक एकमेकांना इशारा देतात आणि गाडी एकाच वेळी ओढली आणि ढकलली जाते. नुसते पुढून ओढले, तर 37 ला 1 च्या चढावर सगळ्या गाडीचा ताण पहिल्या कपलिंगवर येतो आणि ते तुटू शकते. इगतपुरीला बँकर सुटतात आणि घाट उतरून पुढच्या गाडीसाठी कसाऱ्याला परततात. उतरणाऱ्या गाड्यांसाठी इगतपुरीला ब्रेक तपासणी सक्तीची आहे. वाटेत कॅच सायडिंगही आहेत. तिथले रूळ एरवी चढावर जाणाऱ्या फाट्याकडे लावलेले असतात. गाडीने थांबून ती ताब्यात असल्याचे दाखवले, तरच मुख्य मार्ग मिळतो. न थांबणारी गाडी त्या चढावर जाऊन आपोआप थबकते.

पुलाचा व्याप वाढत गेला, पेठेचा मात्र आटत गेला. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वाशीला गेला, पुढच्या दशकात मसाले, धान्य, फळे आणि भाजीही तिकडेच गेली. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनरने गोदीतली गासडी-पोती संपवली. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुमारे 8 किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यासह खुला झाल्यावर ट्रकनाही घाटाचा वेढा टळला. नागपूर-नाशिककडून एहेगावच्या पुलावरून उतरणारी कंटेनरची मालगाडी आता कल्याण-दिव्याहून पनवेलमार्गे न्हावा-शेव्याला जाते. ठाण्याची आणि शिवेची खाडी ओलांडून बेटापर्यंत ती जात नाही. तिथवर मुख्यतः प्रवासी गाड्याच जातात.