चाकं चार, जोर कुणाचा?

रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी गेलात, तर कधी ना कधी हा तमाशा बघायला मिळतोच. पाहुण्यांची एखादी झकपक गाडी हौसेनं वाळूत उतरलेली असते. काका ॲक्सिलरेटर दाबतात, इंजिन गुरगुरतं, पुढची चाकं गरागरा फिरतात, वाळूचे फवारे उडतात आणि गाडी? जागच्या जागी! उलट चाकं स्वतःच खड्डा खणून त्यात बसतात. भोवती गर्दी जमते. ‘‘रेस नका देऊ ओ!’’ ‘‘मागं घ्या, मागं!’’ सल्ले फुकट मिळतात, ओढून काढणाऱ्या ट्रॅक्टरचे मात्र पैसे पडतात.

आता एटीव्ही आठवा. मोटारसायकलसारखं हँडल, मधे बसायची सीट आणि चार गुबगुबीत चाकं. काही जण तिला क्वाड बाईकही म्हणतात. कारच्या इंजिनात शंभरेक घोड्यांची ताकद असते, बऱ्याच एटीव्हींच्या इंजिनात तिच्या निम्मीसुद्धा नसते. तरी ज्या वाळूत कार हात टेकते, तिथून एटीव्ही तुरुतुरु निघून जाते. एवढे घोडे पदरी असून कार हरते कशी?

जोर इंजिनाचा, पकड जमिनीची

चाक फिरताना जमिनीला मागे रेटतं, म्हणून जमीन गाडीला पुढे रेटते. डांबरी रस्ता हा रेटा मुकाट्यानं सोसतो. कोरडी वाळू मात्र थोड्याशा रेट्यानंच निसटते. ती निसटली की इंजिनानं कितीही आरडाओरडा केला तरी चाक नुसतंच फिरतं.

थोडं गणित करू. समजा, वाळूत प्रत्येक चाकाला 30 किलोंइतकाच रेटा देता येतो, त्यापुढे वाळू घसरते. आणि समजा, रुतलेली गाडी बाहेर यायला 80 किलोंचा रेटा हवा. बहुतेक कारमध्ये इंजिनाचा जोर फक्त पुढच्या दोन चाकांना मिळतो. मागची दोन आपली गडगडत मागोमाग येतात. म्हणजे 30 अधिक 30, झाले 60. गाडी अडकली! तोच जोर चारही चाकांना वाटून दिला, तर 120. गाडी सुटली! इंजिन तेच, पेट्रोल तेच, फक्त कामाला माणसं दुप्पट लावली. यालाच म्हणतात ऑल व्हील ड्राइव्ह. त्यानं ताकद वाढत नाही, ताकदीची वाटणी बदलते.

एटीव्हीला आणखी एक मदत असते, तिच्या टायरांची. पेट्रोल पंपावर कारच्या टायरमध्ये हवा भरताना आकडा बघा, 30 ते 33 च्या आसपास असतो. एटीव्हीच्या टायरमध्ये साधारण 5 ते 7 च असते! त्यामुळे टायर वाळूवर पसरून बसतो, वजन मोठ्या जागेत विभागलं जातं आणि चाक खाली रुतत नाही.

मग सगळ्यांनाच का नाही?

चारही चाकांना एकाच दांड्यानं जखडून टाकलं की झालं की! पण थांबा. वाटेत वळण येतं.

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाट लागतो. तिथल्या एखाद्या अगदी उलट फिरवणाऱ्या वळणावर गाडी अर्धं वर्तुळ काढते. आतल्या बाजूचं चाक लहान वर्तुळावरून जातं, बाहेरचं मोठ्या. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर बाहेरच्या चाकाला 1.5 गुणिले 3.14, म्हणजे जवळजवळ 4.7 मीटर जास्त पळावं लागतं. गंमत म्हणजे वळण लहान असो की मोठं, अर्ध्या वर्तुळात हा फरक तेवढाच राहतो!

दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवली, तर जास्तीचं अंतर पळणार कोण? एक तरी टायर रस्त्यावर फरफटणारच. यावर सुमारे दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी वाफेच्या गाडीसाठी दातेरी चक्रांची एक जोडणी काढली. तिचं नाव डिफरन्शियल. ती दोन्ही चाकांना जोर देते आणि शिवाय कमी-जास्त वेगानं फिरूही देते. आज तुमच्या-आमच्या प्रत्येक पेट्रोल-डिझेल कारमध्ये ती आहे.

पण तिची एक खोड आहे. ती दोन्ही चाकांना जोर अगदी सारखा वाटते. एक चाक भुसभुशीत वाळूत आलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, ते भिरभिरत सुटतं. मग दुसऱ्या चाकालाही तेवढाच नाममात्र जोर! ते बिचारं घट्ट जमिनीवर उभं असलं तरी ढिम्म हलत नाही.

दांडा ओढा, चारही चाकं जोडा

दुसऱ्या महायुद्धात, 1941 पासून अमेरिकेत विलिज जीप मोठ्या संख्येनं तयार होऊ लागली. चिखल-वाळूत ड्रायव्हर एक दांडा सरकवायचा आणि मागच्यांबरोबर पुढची चाकंही कामाला लागायची. युद्धानंतर महिंद्रा कंपनीनं मुंबईत याच जीपची जुळणी सुरू केली. त्याच घराण्यातली थार आज नाशिकला बनते. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देऊ शकणाऱ्या थारच्या गिअरशेजारचा छोटा दांडा बघा. त्यावर 2एच, 4एच, एन आणि 4एल अशी अक्षरं दिसतील. 2एच म्हणजे दोन चाकं, 4एच म्हणजे चार. 4एलमध्ये चारही चाकं हळू फिरतात, पण प्रत्येक फेऱ्यात जास्त जोर लावतात.

अडचण अशी, की 4एच लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळलं, तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. पुढची मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान, आणि त्यांना फिरवणारे दांडे मात्र एकत्र बांधलेले! म्हणून रस्ता लागला की ड्रायव्हरनं आठवणीनं 2एचवर यायचं.

स्वतःच ओळखणारी एटीव्ही

चार चाकी एटीव्हीत चारही चाकांना जोर देण्याची सोय 1986 साली होंडानं आणली. पुढे अमेरिकेच्या पोलारिस कंपनीच्या एटीव्हीत एक फारच हुशार युक्ती आली. ती समजायला तुमची सायकल पुरे.

सायकल उतारावरून सोडली की तुम्ही पाय थांबवता, पण मागचं चाक फिरतच राहतं. चाकाचा वेग साखळीपेक्षा जास्त असतो, म्हणून दोघांचा संबंध सुटलेला असतो. पुन्हा जोरात पॅडल मारत साखळीनं चाकाचा वेग गाठला की ‘कट्’ होतं आणि जोर लागू होतो. हे फ्री व्हील.

पोलारिसच्या पुढच्या चाकांत अशीच सोय आहे. पुढच्या चाकांना जोर पोचवणारा दांडा मुद्दामच थोडा हळू फिरेल असे गिअर लावलेले असतात. सरळ रस्त्यावर जमीनच पुढची चाकं त्या दांड्यापेक्षा वेगानं फिरवते, त्यामुळे ती मोकळी राहतात. जोर फक्त मागच्यांचा.

आता मागची चाकं वाळूत घसरली! ती भराभर फिरू लागतात. त्यांना जोडलेला पुढचा दांडाही वेग घेतो आणि पुढच्या चाकांना गाठतो. इथे खरी करामत होते. दांड्यानं फिरणाऱ्या कड्याच्या आतल्या बाजूला खाचा असतात, मधे खोल आणि दोन्ही कडांना उथळ. प्रत्येक खाचेत लोखंडाचा एक छोटा रूळ. चालकानं बटण आधीच दाबून ठेवलेलं असलं की तारेच्या वेटोळ्यातून वीज जाते, त्याचं चुंबक होतं आणि ते रूळ ज्यात बसवलेत त्या पिंजऱ्याला किंचित मागे खेचून धरतं. रूळ खोल भागातून उथळ भागाकडे सरकतात आणि कडं नि चाकाचा आस यांच्या मधे पाचरीसारखे अडकतात. झालं! पुढची दोन्ही चाकं एकदम ओढू लागतात. मागच्यांना पुन्हा पकड मिळाली की पुढची पुढे पळतात, रूळ सैल होतात. चालकाला पत्ताही लागत नाही.

निघणं वेगळं, थांबणं वेगळं

एवढं वाचून ‘चारही चाकांचा जोर म्हणजे भीती नाही’ असं समजू नका. ब्रेक तर साध्या कारलाही चारही चाकांना असतात. त्यामुळे पावसात ओल्या घाटरस्त्यावर थांबताना फोर बाय फोर गाडीला काहीही जास्त मिळत नाही. निसरड्या रस्त्यावर तिनंही हळूच जायचं.

आणि किनाऱ्यावर गाडी घालणं टाळलेलंच बरं. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत खड्डा करून अंडी घालतात. वरून गाडी गेली तर, ती दोन चाकांच्या जोराची असो की चार, अंड्यांचा चुराडाच.

डोकं चालवा

सायकलचं पॅडल उलटं फिरवलं तर चाक मागे जात नाही, कारण फ्री व्हील एकाच दिशेनं जोर देतं. मग एटीव्ही रिव्हर्समध्ये टाकली, तर पुढची चाकं मदतीला येतील का?

उत्तर: येतील. खाच दोन्ही कडांना उथळ आहे ना? पुढे जाताना रूळ एका कडेला अडकतो, मागे येताना दुसऱ्या.