भांडीं घासण्याचा खरा खर्च

संसाराच्या जमाखर्चांत दूध, किराणा, गॅस, वीज व मुलांची फी या रकमा नियमानें मांडल्या जातात. परंतु भांडीं घासण्याचा खर्च बहुतेक वह्यांतून दिसत नाहीं. मोलकरीण असली तर तिच्या पगाराची एक ओळ असते. ती नसली तर साबणाच्या वडीखेरीज कांहींच लिहिलें जात नाहीं, आणि काम फुकट झालें असा समज होतो. भांडीं धुण्याचें यंत्र शहरांतील घरांत येऊं लागल्यापासून हा प्रश्न नव्यानें उभा राहिला आहे. एवढें महाग यंत्र हवें कशाला, असें एक पक्ष म्हणतो. तें थोड्याच वर्षांत आपली किंमत भरून काढतें, असें दुसरा म्हणतो. यांपैकीं कोणीं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केलेला असतोच असें नाहीं.

यंत्र तसें नवें नाहीं. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत शेल्बीव्हिल येथें राहणाऱ्या जोसेफीन कॉक्रेन या बाईंनीं १८८६ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट मिळविलें आणि १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत तें मांडलें. आपल्याकडे त्याची खरी चौकशी सुरू झाली ती २०२० च्या टाळेबंदींत, जेव्हां शहरांतील मोलकरणींना कामावर येतां येईना. सरकारी करपत्रकांतहि तें बराच काळ चैनीच्या वस्तूंत मोडत होतें. कपडे धुण्याच्या यंत्रावरील वस्तु व सेवा कर २०१८ सालींच २८ टक्क्यांवरून १८ वर आला. भांडीं धुण्याच्या यंत्राला तीच सवलत मिळण्यास सप्टेंबर २०२५ उजाडावें लागलें.

आतां हिशेबासाठीं वर्धा जिल्ह्यांतील आंजी (मोठी) येथील पांच माणसांचें एक घर कल्पनेनें समोर ठेवावें. सकाळीं चहाच्या कपबशा. दुपारीं वरणाचा गंज, भाताचें पातेलें, भाजीची कढई, तवा, परात, सराटा, पांच ताटें, वाट्या, गडवे. रात्रीं पुन्हा तोच पसारा. अंगणांतील मोरीपाशीं एक घमेलें व एक बादली घेऊन बसलें म्हणजे दोन वेळचें मिळून सव्वा तास जातो, व ५०-६० लिटर थंड पाणी लागतें. प्रत्येक घरीं हे आंकडे कमीअधिक होतील. परंतु तुलनेपुरते ते चालण्यासारखे आहेत.

एके काळीं या कामाला साधनांचा खर्च खरोखरच नव्हता. चुलींतील राख हाताशीं असे. लांकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट नांवाचा क्षार असतो. ओला झाल्यावर तो तेलातुपाचा चिकटपणा तोडतो, आणि राखेचे बारीक कण काजळी खरवडून काढतात. पितळेला चिंच चोळली कीं तिच्यांतील आम्लानें डाग निघून जात. पुढें गॅस आला, राख गेली, पितळेच्या जागीं स्टेनलेस स्टील आलें, आणि साबण व घासणी विकत घेणें भाग पडलें. त्यांसाठीं दरमहा १५० रुपये धरले. हातानें घासण्याचा रोख खर्च तो एवढाच.

यंत्राची रीत निराळी आहे. त्याच्या तळाशीं जमलेलें पाणी पंप पुन्हा पुन्हा वर ढकलतो, व फिरत्या पोकळ दांड्यांच्या छिद्रांतून त्याचे झोत भांड्यांवर आदळतात. हें पाणी बहुधा ५० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेलें असतें, आणि त्यांतील पूड हातांना सोसणार नाहीं इतकी क्षारयुक्त असते. तेंच पाणी फिरत राहत असल्यामुळें सबंध काम १०-१२ लिटरांत आटोपतें. वीज एका खेपेस सुमारें १ युनिट लागते, व तिचा मोठा भाग पाणी तापविण्यांतच जातो. ज्या गांवीं विहिरीचें किंवा बोअरचें पाणी दुष्फेन आहे, म्हणजे ज्यांत साबणाला फेस येत नाहीं, तेथें पाणी मऊ करण्यासाठीं यंत्रांत वेगळें मीठ घालावें लागतें. नाहीं तर भांड्यांवर पांढरे डाग राहतात.

यंत्राच्या मर्यादाहि ध्यानांत घेतल्या पाहिजेत. ॲल्युमिनियमचें पातेलें त्यांत काळें पडतें, लोखंडी तव्याला गंज चढतो, कल्हईचीं व लांकडाचीं भांडीं खराब होतात. मोठा गंज आंत ठेवला तर अर्धी जागा तोच अडवितो. म्हणून यंत्र आणलें तरी मोठीं भांडीं घासण्याचें काम घरांत उरतेंच. ताटें-वाट्या आंत लावणें, खरकटें काढणें, धुतलेलीं भांडीं जागेवर ठेवणें यांस २० मिनिटें आणि उरलेल्या मोठ्या भांड्यांस २५ मिनिटें धरलीं, तर सव्वा तासाऐवजीं पाऊण तास लागतो. बचत रोज अर्ध्या तासाची, म्हणजे महिन्याला १५ तासांची.

पाण्याच्या बचतीविषयीं परदेशांतील आंकडे पुष्कळदां सांगितले जातात. जर्मनींत बॉन विद्यापीठानें युरोपांतील ७ देशांच्या ११३ व्यक्तींना १२ माणसांचीं भांडीं हातानें धुण्यास दिलीं, तेव्हां सरासरी सुमारें १०० लिटर पाणी व ७९ मिनिटें लागलीं. यंत्राला सुमारें १५ लिटर पुरले. परंतु तेथें वाहत्या व तापविलेल्या पाण्यानें भांडीं धुणारे पुष्कळ असतात, म्हणून हाताच्या कामालाहि इंधन लागतें. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासांत उलट असें दिसलें कीं, एका टबांत घासून दुसऱ्यांत विसळण्याची रीत नीट पाळली तर हातानें धुणेंच प्रदूषणाच्या दृष्टीनें सर्वांत कमी घातक ठरतें. आंजीच्या अंगणांतील घमेलें-बादलीची रीत बव्हंशीं हीच आहे, आणि तिला गरम पाणीहि लागत नाहीं. तेव्हां विजेची बचत या घराला होणार नाहीं. पाणी मात्र महिन्याला हजार-तेराशें लिटर वांचेल. नळ नियमित असेल तेथें त्याचें मोल थोडें. टँकरची वाट पाहावी लागते तेथें पुष्कळ.

आतां यंत्राचा मासिक खर्च. किंमत ३६,००० रुपये व आयुष्य १० वर्षें धरलें, तर दरमहा ३०० रुपये झीज. किंमत उतरत जात असल्यामुळें सरासरी निम्म्या रकमेवर सहा टक्क्यांनीं व्याज धरलें तर ९०. रोज एक खेप व युनिटला १० रुपये या दरानें वीज ३००. पुडीची वडी १२ रुपयांप्रमाणें ३६०. मीठ व चकाकी आणणारा द्रव मिळून १२५. दुरुस्ती वर्षाला १,५०० म्हणजे महिना १२५. एकूण १,३०० रुपये. मोठ्या भांड्यांच्या साबणासाठीं ५० मिळविले म्हणजे १,३५० होतात. ज्याच्या घरीं भाव निराळे असतील त्यानें आपले आंकडे घालून हीच बेरीज करावी. दोनच माणसांच्या घरीं यंत्र दिवसाआड चालेल. तेथें वीज व पूड निम्मी होईल, परंतु झीज व व्याज निम्मीं होणार नाहींत.

ही रक्कम तीन घरांत तीन प्रकारचे निकाल देते.

पहिलें घर आंजीचें. तेथें घरची सून भांडीं घासते. हाताचा रोख खर्च १५०, यंत्राचा १,३५०. फरक १,२०० रुपयांचा, आणि त्याच्या मोबदल्यांत १५ तास मोकळे. म्हणजे सुनेचा एक तास ८० रुपयांना विकत घेतला. तो तास शिवणकामांत, मुलांच्या अभ्यासांत किंवा नुसत्या विश्रांतींत गेला तरी त्याला ८० रुपये मोल आहे कीं नाहीं, हें त्या घरानें ठरवावयाचें आहे.

दुसरें घर वर्धा शहरांतील. तेथें मोलकरीण ८०० रुपये घेते असें मानलें. साबण धरून खर्च ९५०. यंत्र आणून मोलकरीण बंद केली तर दरमहा ४०० रुपये अधिक जातील, आणि शिवाय पाऊण तासाचें काम गृहिणीच्या अंगावर येईल. येथें यंत्र सरळ तोट्याचें आहे.

तिसरें घर पुण्याचें. तेथें त्याच कामाला १,८०० रुपये मोजावे लागतात असें धरलें, तर साबणासह १,९५० होतात. यंत्रानें ६०० रुपये वांचतात, व यंत्राचे पुरस्कर्ते हाच आंकडा पुढें करतात. परंतु मोलकरीण होती तोंवर गृहिणीला हें काम नव्हतें. आतां रोजचा पाऊण तास, महिन्याचे साडेबावीस तास, तिच्याकडे आले. ६०० रुपयांस साडेबावीस तास म्हणजे तासाला २७ रुपयेसुद्धां पडले नाहींत. बचत यंत्रानें केली असें दिसतें. वस्तुतः बाहेरच्या स्त्रीचा पगार घरच्या स्त्रीच्या बिनपगारी श्रमांतून वांचविला गेला. आणि जिच्या घरीं त्या १,८०० रुपयांवर चूल पेटत होती, तिचें नुकसान तर या वहींत कोठेंच येत नाहीं. महाराष्ट्रांत घरेलू कामगारांच्या कल्याणासाठीं २००८ सालीं कायदा झाला, तो अशाच बायांसाठीं.

वेळेची ही बाब कल्पनेची नाहीं. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या पाहणींत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटें या बिनपगारी कामांत जातात असें आढळलें. घरकाम करणाऱ्या पुरुषांचीं मिनिटें ९७. आणि असें काम करणारे पुरुष शंभरांत जेमतेम सव्वीस होते. म्हणून भांडीं फुकट घासलीं जातात असें जेव्हां म्हटलें जातें, तेव्हां तें फुकट कोणाच्या जिवावर, हें विचारणें प्राप्त आहे.

याच जिल्ह्यांत सेवाग्राम आहे. १९३६ सालीं गांधीजी तेथें राहावयास गेले. जेवणानंतर आपापलें ताट आपण धुवावें, हा आश्रमाचा रिवाज होता. ते यंत्राचे आंधळे वैरी नव्हते. १९२४ सालीं त्यांनीं शिवणयंत्राचा अपवाद केला होता, तो त्या यंत्राच्या मुळाशीं पत्नीचे कष्ट हलके करण्याची इच्छा होती म्हणून. ही कसोटी भांड्यांच्या यंत्रालाहि लावतां येईल. आंजीच्या त्या घरीं पांच माणसांनीं आपापलें ताट, वाटी व गडवा विसळून ठेवला, तर प्रत्येकाचीं दोन वेळचीं मिळून पांच-सहा मिनिटें जातील, आणि सुनेचा तोच अर्धा तास एक पैसाहि न खर्चतां मोकळा होईल.

यंत्र घ्यावयाचेंच असेल त्यानें दुकानांत जाण्यापूर्वीं एक महिना जमाखर्चाच्या वहींत एक रकाना वाढवावा: आज भांडीं किती मिनिटें घासलीं, आणि कोणीं घासलीं. महिन्याअखेर त्या रकान्याची बेरीज घरांतील सर्वांना वाचून दाखवावी. ती ऐकल्यावर कांहीं घरें यंत्र घेतील, कांहीं मोलकरणीचा पगार वाढवतील, आणि कांहीं घरांत जेवण झाल्यावर पुरुषमाणसें आपलें ताट उचलून मोरीकडे जातील.